दाराचे रबर

जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार करणाऱ्याची खरी परीक्षा इंजिनपाशी होत नाही, दाराच्या रबरापाशी होते, असे माझे मत बनले आहे. इंजिनाचे मिस्त्री पाहतो, रंगाचे रंगारी पाहतो. पण दाराच्या कडेचे काळे रबर कोणत्या चिकटद्रव्याने बसवावे, हा प्रश्न शेवटी मालकावर येऊन पडतो. कुणाला जुन्या काळाला शोभेलसे रूप हवे असते, कुणाला पाऊस अडवणारी पकड. गोव्यात राहणाऱ्याला दोन्ही हवी असतात. कारण येथला आषाढ एकदा फटीतून आत शिरला, की पायांखालच्या पत्र्याची चाळण व्हायला वेळ लागत नाही.

आमची गाडी फियाट ११०० डिलाइट, वडिलांनी १९६६ साली घेतलेली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली ही जात पुढे १९७४ पासून पद्मिनी म्हणून घरोघर ओळखली गेली, आणि मुंबईच्या टॅक्सींतून तिने २०२३ च्या ऑक्टोबरात निरोप घेतला.

मूळचे चिकटद्रव्य कसे होते, हे आधी गाडीलाच विचारावे. जुने रबर हलक्या हाताने सोलले, तेव्हा पत्र्यावर दोन थर दिसले. खालचा काळसर, पातळ, सरळ रेघेत ओढलेला. तो बहुधा कारखान्याचा. वरचा पिवळट, जाड, ठिकठिकाणी बोटाने फासलेला. ते सायकलच्या पंक्चरचे सोल्युशन होते! मृगापूर्वी वडील ती नळी घेऊन दारापाशी उकिडवे बसत. एका कोपऱ्यात त्यांच्या बोटाचा ठसा स्पष्ट राहिला होता. वडील आज नाहीत. मग अस्सल कशाला म्हणावे? कारखान्याच्या रेघेला, की या ठशाला?

उत्तर देवळाने दिले. मूर्ती पीठावर घट्ट बसावी म्हणून लाख, राळ, मेण इत्यादी आठ द्रव्यांचा अष्टबंध घालतात. तो कालांतराने सुटू लागतो, म्हणून ठराविक वर्षांनी, पुष्कळ ठिकाणी बारा वर्षांनी, जुना काढून नवा घालतात. जुन्या लेपासाठी कोणी हळहळत नाही. मूर्ती तीच, पीठ तेच. मधला बंध मात्र ताजा. वडिलांच्या थराखाली गंज धरू लागला होता. तो राखणे म्हणजे त्यांची आठवण राखून त्यांची गाडी घालवणे झाले असते.

निवड त्यानंतर सोपी झाली. झटपट चिकटणारे द्रव्य वाळून ठिसूळ होते आणि दाराच्या हादऱ्याने तडकते. शिरक्याचा वास येणारे सिलिकोन उघड्या लोखंडाला गंजवते, शिवाय त्याच्यावर पुढे रंग धरत नाही. कृत्रिम रबरापासून केलेले द्रव्य लवचीक राहते. त्यात पिवळे आणि काळे असे दोन प्रकार मिळतात. पिवळे कडेने ओघळले की लांबूनही डोळ्यांत भरते. काळे रबराच्या सावलीत लपते, आणि आमच्या गाडीची खालची रेघही काळीच होती. मी काळे घेतले.

पत्रा घासून अस्तराचा रंग दिला. रंगीत भागावर कागदी पट्टी लावली. पत्र्यावर आणि रबरावर पातळ हात फिरवून, बोटाला तार न येता नुसते चिकट लागेपर्यंत थांबलो आणि मग दाबले. कोपऱ्यावर रबर ताणू नये. ताणलेले रबर आखडते आणि नेमकी तेथेच फट पडते. दिवसभराने दारात कागदाची पट्टी धरून दार लावले. ओढताना ती सगळीकडे सारखीच अडली. मग नळीचे पाणी सोडले. आत थेंब आला नाही.

ठशाचा कोपरा मी सर्वांत शेवटी घासला. तेथेच गंज सर्वांत कमी होता. वडिलांनी तेथे सोल्युशन भरपूर लावले होते.