पंधरा वॅटांचा संसार

घरातील वडीलधाऱ्या माणसाला एक मुभा असते. ज्या विषयातले त्याला काही कळत नाही त्यावरही त्याने मत दिले, तर मंडळी ते मुकाट्याने ऐकून घेतात. ही मुभा आम्ही आजवर यथेच्छ उपभोगली. पण एका गणेशोत्सवात तिचा जो उपयोग आमच्या हातून झाला त्याची रुखरुख अजून गेलेली नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचा पुतण्या येथेच, हैदराबादेत, संगणकाच्या चिपांचे आराखडे करणाऱ्या एका कचेरीत काम करतो. आरती झाली, पाने मांडली गेली आणि पंक्तीत कोणीतरी त्याला विचारले, "बाबा रे, तू तिथे नेमके करतोस तरी काय?" तो म्हणाला, "चिप कमीत कमी विजेवर कशी चालेल ते पाहतो. आम्ही पाचसहा जण तीन वर्षे खपलो, तेव्हा अर्धा वॅट वाचला." आम्ही मोठ्याने हसलो आणि म्हणालो, "तीन वर्षांत अर्धा वॅट! त्यापेक्षा देवघरातला झिरोचा दिवा मालवला असतास, तर एका क्षणात पंधरा वॅट वाचले असते!" पंक्तीत हशा पिकला. पुतण्याही हसला, पण त्याने पुढचा मोदक घेतला नाही, ही गोष्ट आमच्या सौ.च्या नजरेतून सुटली नाही. रात्री आवराआवर झाल्यावर ती एवढेच म्हणाली, "अर्धा वॅट म्हणजे किती ते मला ठाऊक नाही. पण महिनाअखेरचे पाच रुपये म्हणजे किती, हे तुम्हांला कधी कळले नाही, एवढे मला ठाऊक आहे."

पुढे दिवाळीच्या सुट्टीत नातवाने एक मागणी मांडली. त्याला हातात धरून खेळावयाचा संगणक हवा होता. आमच्या समजुतीप्रमाणे हातातले खेळणे वेगळे आणि संगणक वेगळा. येथे दोहोंचा संकर झालेला दिसला. मध्ये सात-आठ इंचांचा पडदा, दोन्ही बाजूंस मुठी, त्यांवर बोटांसाठी बटणे आणि अंगठ्यांसाठी लहानसे दांडे. पोटात मात्र मेजावरच्या संगणकाचा सारा कारभार. निन्टेन्डोसारख्या खेळयंत्रांसाठी खेळ मुद्दाम बेतून शिवलेले असतात. येथे मोठ्या संगणकासाठी लिहिलेले खेळच चालवावयाचे असतात. लहान मुलाने वडिलांचा अंगरखा घालून न अडखळता चालावे, त्यातला हा प्रकार.

नातवाने दोन यंत्रांचे गुण वहीत समोरासमोर लिहून आणले होते. एक असूस कंपनीचे २०२३ सालचे, त्यात ए.एम.डी.ची चिप, दुसरे एम.एस.आय. कंपनीचे २०२४ सालचे 'क्लॉ', त्यात इंटेलची चिप. पहिलीत आठ गाभे, दुसरीत सोळा. चिपच्या पोटात जे स्वतंत्र कारभारी हिशेब करीत असतात त्यांना गाभे म्हणतात, असे त्याने आम्हांस समजाविले. आम्ही क्षणाचाही विलंब न लावता निकाल दिला : "सोळावाले घे." निकालावर शिक्कामोर्तब करण्यासाठी पुतण्याला बोलावून घेतले. त्याने वही पाहिली आणि शांतपणे म्हटले, "काका, त्या दिवशी तुम्ही देवघरातल्या झिरोच्या दिव्याची गोष्ट काढलीत ना? या सगळ्या चिपला वीज मिळते ती तेवढीच. पंधरा वॅट."

आम्ही चपापलो. झिरोच्या दिव्याचे नाव शून्याचे असले तरी तो बारा ते पंधरा वॅट खातो, हे आमचेच ज्ञान आमच्यावर उलटले होते. पुतण्याने मग सारा जमाखर्च मांडला. मेजावरच्या मोठ्या संगणकात नुसते चित्र रंगविणारे कार्डच दोनशे-तीनशे वॅट घेते. २०२२ सालच्या एका नामांकित कार्डाची मर्यादा तर ४५० वॅटांची आहे. हातातल्या यंत्राच्या बॅटरीत मात्र चाळीस वॅट-तासांची पुंजी. पंधरा वॅट चिपचे, सात-आठ पडदा, पंखा आणि इतर सरंजामाचे. म्हणजे दोन तास भरण्यापूर्वीच गंगाजळी आटली. वीज वाढवावी तर यंत्र हातात तापते आणि पंखा घोंघावू लागतो. तेव्हा येथे प्रश्न कोण अधिक बलवान हा नाही. ठरलेल्या पंधरा वॅटांत कोण अधिक चांगला संसार करतो, हा आहे.

ज्या दोन घराण्यांत ही स्पर्धा लागली आहे त्यांची भाऊबंदकी जुनी आहे. इंटेलची स्थापना १९६८ ची, ए.एम.डी.ची १९६९ ची. दोन्ही कॅलिफोर्नियातल्या एकाच खोऱ्यातल्या. १९८१ साली आय.बी.एम.ने आपल्या घरगुती संगणकासाठी इंटेलची चिप निवडली, पण माल पुरविणारा एकच असू नये म्हणून दुसऱ्या कारखान्याचाही आग्रह धरला. त्या आग्रहातून १९८२ साली ए.एम.डी.ला इंटेलच्याच घडणीच्या चिपा करण्याचा हक्क मिळाला. पुढे या हक्कावरून कज्जेदलाली झाली, समेट झाले, पुन्हा कज्जे झाले. २००९ साली इंटेलने सव्वाशे कोटी डॉलर देऊन एक मोठा तंटा मिटविला. पुण्यात जन्मलेले विनोद धाम यांचे नाव आपल्याकडे अनेकांना ठाऊक असते. इंटेलची १९९३ सालची पेंटियम चिप सिद्ध करण्यात त्यांचा पुढाकार होता. पण १९९५ साली ते ज्या लहान कंपनीत गेले ती पुढे ए.एम.डी.ने विकत घेतली आणि त्याच कंपनीच्या आराखड्यातून इंटेलशी टक्कर देणारी के-सिक्स चिप १९९७ साली बाजारात आली. भाऊबंदकीत माणसे या वाड्यातून त्या वाड्यात जातातच.

या लहान यंत्रांच्या मैदानात आधी उतरली ती इंटेलची चिप. चीनमधल्या शेन्झेन शहरातील जी.पी.डी. नावाच्या लहानशा कंपनीने २०१६ साली लोकांकडून आगाऊ वर्गणी गोळा करून हातात मावणारा खेळ-संगणक काढला, त्यात इंटेलची ॲटम चिप होती. हिशेबाचे काम ती बरे करी. चित्रे रंगविताना मात्र तिला धाप लागे. आणि खेळ म्हणजे निम्म्याहून अधिक चित्रेच.

येथे ए.एम.डी.ची एक जुनी, महागात पडलेली खरेदी कामास आली. २००६ साली तिने चित्रांच्या चिपा करणारी ए.टी.आय. ही कंपनी सुमारे ५४० कोटी डॉलरांना घेतली. त्या कर्जाखाली ती इतकी वाकली की २००९ साली आपले कारखाने वेगळे काढून टाकण्याची पाळी तिच्यावर आली. पण त्यातून एक विद्या घरात राहिली : हिशेब आणि चित्र या दोहोंचे काम एकाच चिपमध्ये, एकाच स्मरणकोशावर चालविण्याची. २०१३ साली सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्याही खेळयंत्रांत तिच्याच चिपा बसल्या. पुढे २०२२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीने 'स्टीम डेक' हे यंत्र आणले. त्याची चिप ए.एम.डी.ने खास बेतून दिली होती. तिला गाभे केवळ चार, आणि विजेची मर्यादा चार ते पंधरा वॅटांची. पडदाही मुद्दाम बेताचा, रुंदीत १२८० आणि उंचीत ८०० बिंदूंचा. कारण जितके बिंदू अधिक तितके रंगविण्याचे श्रम अधिक. जे मोठेपण परवडत नाही ते मुळातच न मिरविण्याचा शहाणपणा त्यात होता. त्या यंत्राने हा बाजार उभा केला. २०२३ साली असूस आणि लेनोव्हो यांनीही ए.एम.डी.चीच चिप निवडली आणि इंटेलला बाजारात जागा अशी उरलीच नाही.

मग २०२४ च्या आरंभी इंटेल परतली ती त्या सोळा गाभ्यांच्या चिपसह. आमचा निकाल ज्या यंत्राच्या बाजूने होता ते हेच. मुळात ती चिप मांडीवरच्या संगणकासाठी केलेली; तेथे विजेची एवढी टंचाई नसते. पंधरा वॅटांत सोळा कारभारी आणि वर चित्रांचा खर्च म्हटल्यावर कोणाच्याच ताटात पुरेसे पडेना. शिवाय खेळ आणि चिप यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली, जिला ड्रायव्हर म्हणतात, ती कच्ची होती. काही खेळ अडखळत. पुढे दुभाष्या सुधारला, पण पहिल्या पंक्तीत झालेली फजिती लोक सहसा विसरत नाहीत. हे आम्ही अनुभवाने सांगतो.

इंटेलने मात्र या फजितीनंतर जे केले त्याचे आम्हांला मनापासून कौतुक वाटते. २०२४ च्या सप्टेंबरात आलेल्या तिच्या 'लूनर लेक' या चिपमध्ये गाभे सोळाचे आठ झाले. एका गाभ्याकडून एकाच वेळी दोन कामे करून घेण्याची जुनी युक्तीही तिने सोडली. स्मरणकोश चिपच्या शेजारी, त्याच बैठकीवर आणून ठेवला, कारण लांबून माहिती ओढून आणण्यातही वीज जळते. आणि ज्या कंपनीला स्वतःच्या कारखान्यांचा अर्धशतकाचा अभिमान, तिने या चिपचे मुख्य भाग तैवानच्या टी.एस.एम.सी.कडून घडवून घेतले, ए.एम.डी.च्या चिपाही तेथेच होतात. ही चिप घेऊन २०२५ च्या आरंभी आलेल्या नव्या 'क्लॉ'ने थोड्या विजेत ए.एम.डी.च्या यंत्रांची बरोबरी केली, काही खेळांत त्यांना मागेही टाकले. या मांडणीत नफा कमी सुटतो म्हणून ती पुन्हा न करण्याचे इंटेलने सांगितले, ही गोष्ट वेगळी. पण इरेला पेटून तिने संसार करून दाखविला.

यावर आमचा भाबडा प्रश्न होता : मांडीवरच्या संगणकांच्या मानाने हा बाजार एवढासा, मग त्यासाठी एवढी झटापट कशाला? पुतण्या म्हणाला, "काका, पंधरा वॅटांत ज्याला भागवता आले, त्याला तीस वॅटांत काय जड जाणार? आणि दुसरा कोणी दारात उभा नसेल, तर पहिला कशाला घाम गाळील?" त्याचे म्हणणे आम्हांला पटले. २०२५ च्या जानेवारीत ए.एम.डी.ने झेड-टू ही नवी मालिका जाहीर केली. तिच्यात सर्वांत वरची चिप नव्या घडणीची आहे. पण त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात आलेल्या स्वस्त यंत्रात त्याच नावाखाली जी चिप बसली, तिची घडण २०२२ च्या स्टीम डेकच्या पिढीतलीच होती. गावात एकच दुकान असले की जुना गूळ नव्या कागदात येतो. इंटेलनेही मैदान सोडलेले नाही. जानेवारी २०२६ मध्ये तिने आपल्याच कारखान्यातल्या नव्या पद्धतीने घडविलेली चिपमालिका पुढे आणली आणि हातातल्या यंत्रांकडेही मोर्चा वळविण्याचा बेत सांगितला.

चिपबाहेरच्या काटकसरीचेही एक उदाहरण पुतण्याने दिले. २०२५ च्या मे महिन्यात लेनोव्होने आपले एक यंत्र विंडोजऐवजी व्हॉल्व्हच्या, लिनक्सवर बेतलेल्या प्रणालीसह विक्रीस काढले. यंत्र तेच, चिप तीच. तरी अनेक परीक्षकांना त्यावर खेळ अधिक वेगाने चालताना आणि बॅटरी अधिक पुरताना आढळली. मागच्या दाराने चाललेली अनावश्यक ये-जा थांबली, एवढाच काय तो फरक. मिळकत तीच, कारभारी बदलला.

हे ऐकताना आमचे लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे गेले. तेथे उभी राहून सौ. सारे ऐकत होती. आठ माणसांचा संसार तिने एका पगारात तीस वर्षे चालविला. आम्ही पगाराचा आकडा चारचौघांत अभिमानाने सांगत आलो आणि तिच्या काटकसरीला, खरे सांगावयाचे तर, चिक्कूपणा म्हणत आलो. दुधाचा रतीब पावशेराने कमी करून तिने आमच्या बहिणीच्या बाळंतपणाची तरतूद केली होती, हे आम्हांला पुढे कित्येक वर्षांनी कळले. मिळविणाऱ्याचे बळ दिसते, पुरविणाऱ्याचे दिसत नाही. अर्धा वॅट वाचविण्यात तीन वर्षे घालविणारा आमचा पुतण्या आणि महिनाअखेरचे पाच रुपये जपणारी आमची सौ., ही दोघे एकाच विद्येची उपासक; आणि आम्ही दोघांनाही हसलो.

नातवासाठी आठ गाभ्यांचे यंत्र आले. निवड पुतण्याची, पैसे आमचे. भाऊबिजेच्या पंक्तीत आम्ही मुद्दाम सर्वांसमोर अर्ध्या वॅटाची ही गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी शेवटपर्यंत. आणि जेथे चेष्टा केली होती तेथेच पुतण्याची क्षमा मागितली. "असू दे हो काका," असे म्हणून त्याने मान खाली घातली. सौ.ने न विचारता त्याच्या पानात आणखी एक अनारसा वाढला. या वेळी त्याने तो खाल्ला.

तिची क्षमा मागावयाची मात्र अद्याप राहिलीच आहे. हा अंक घरी आला की तो पहिल्याने तीच वाचते.