कढत झऱ्यातला टॅक

प्रयोगशाळेत टॅकचा मुक्काम उणे २० अंशांवर. फ्रीझरमधून काढलेली बोटाच्या पेराएवढी नळी लगेच बर्फात खोचतात. आतला द्रव पाण्यासारखा नितळ, पण ग्लिसरॉलमुळे दाट. तो गोठत नाही आणि पिपेटच्या टोकाला चिकटून राहतो. या विकराचं मूळ गाव मात्र अमेरिकेतल्या यलोस्टोनचा गरम झरा.

१९६६ मध्ये थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी तिथल्या मशरूम स्प्रिंगच्या पाण्यातून थर्मस ॲक्वाटिकस हा जिवाणू वाढवला. हात भाजून निघेल अशा ७० अंशांच्या पाण्यात तो सुखाने वाढतो. त्याच्या पोटात डीएनएची नक्कल उतरवणारा कामगार म्हणजे टॅक पॉलिमरेज.

७० अंशांवर टॅक सेकंदाला साठाहून अधिक अक्षरं जोडतो. आपल्या अंगाच्या ३७ अंशांवर जेमतेम दीड. २२ अंशांच्या खोलीत तर चार सेकंदांना एक! थंडीतल्या खोबरेल तेलासारखा आखडतो. मला हा त्याचा दोष वाटत नाही. विकराला आपली घडी सांभाळावी लागते आणि काम करताना हलावंही लागतं. कढत पाण्यात हलवायचं काम उष्णताच करते. अवघड असतं ते घडी न मोडू देणं. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूच्या पॉलिमरेजशी टॅक ताडून पाहिला, तर अक्षरं जोडणाऱ्या भागाची घडी जवळपास तीच निघते. फरक बारीक आणि विखुरलेले: कुठे विरुद्ध विद्युतभारांची एखादी जादा जोडी, कुठे गाभा अधिक दाबून बसलेला. पिढ्यान्‌पिढ्या एकेक अमिनो आम्ल बदलत हा घट्टपणा आला. थंडीत चपळ राहायची गरज झऱ्यात कधी पडलीच नाही. अंटार्क्टिक माशांत नेमकं उलट घडलं. शून्याखालच्या समुद्रात हलतं राहायचं, म्हणून त्यांच्या विकरांत कामाच्या जागेभोवतीचे भाग सैल झाले.

कॅरी मलिस यांना १९८३ मध्ये डीएनएच्या प्रतींवर प्रती काढणारं पीसीआर सुचलं. त्यात दर फेरीला डीएनए ९५ अंशांच्या आसपास तापवून त्याचे दोन धागे सुटे करतात. सुरुवातीला वापरलेलं ई. कोलायचं विकर त्या तापात बाद व्हायचं. प्रत्येक फेरीला नळी उघडून नवं घालावं लागे. टॅकची निम्मी ताकद ९५ अंशांवर ४० मिनिटांनंतरही शाबूत असते. तो आला आणि बंद नळीत एकामागून एक फेऱ्या होऊ लागल्या. करोनाच्या काळात नाकात काडी घालून दिलेली आरटीपीसीआर चाचणी अशाच ताप सोसणाऱ्या पॉलिमरेजवर चालली.

त्याची खरी उणीव वेगळी आहे. चुकीचं अक्षर बसलं तर टॅक मागे वळून ते काढत नाही. चाचणीत हे खपतं, पण जनुकाची बिनचूक प्रत हवी असेल तिथे इटलीतल्या व्हल्कॅनो बेटाच्या किनाऱ्यावर सापडलेल्या पायरोकोकस फ्युरिओससचं पॉलिमरेज घेतात. तो जिवाणूंहून निराळा, आर्किया गटातला जीव. १०० अंशांच्या पाण्यात जोमाने वाढणारा. त्याचं पॉलिमरेज टॅकपेक्षा हळू लिहितं, पण तपासून लिहितं.