क्ष-किरणांचा आरसा

परवां बावड्यास एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं जाण्याचा योग आला. संध्याकाळीं नीरेच्या कांठीं त्याची धाकटी मुलगी पाण्यावर चपट्या खापऱ्या फेकीत होती. पाण्याशीं जवळजवळ समांतर गेलेली खापरी चार-पांच उड्या घेई. उंचावरून टाकलेली तत्काळ बुडे. तें पाहून आम्हांस वीस वर्षांपूर्वींची एक लाज आठवली.

याच गृहस्थानें तेव्हां वर्गांत विचारलें होतें, "सर, क्ष-किरणांचा आरसा कां नाहीं करीत?" "हाडामांसांत शिरणारा किरण आरशाला काय जुमानणार?" असें आम्ही म्हणालों. वर्ग हंसला. तो मुलगा पुन्हा कधीं प्रश्न विचारावयास उठला नाहीं.

आमचें उत्तर १८९५ सालीं, राँटगेनच्या काळीं, खपून गेलें असतें. पण गुळगुळीत पृष्ठास अंशभराहूनही कमी कोनांत, त्या खापरीप्रमाणें निसटता स्पर्श करणारा क्ष-किरण परावृत्त होतो, हें कॉम्प्टननें १९२३ सालींच दाखविलें होतें. तें प्रकरण परीक्षेस नसल्यामुळें आम्हीं वाचलें नव्हतें, इतकेंच! आणि आम्ही मुलांस हंसवीत होतों त्याच दशकांत मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत असे आरसे घडत होते.

त्यांची घडण मोठी नवलाची. क्ष-किरणांची तरंगलांबी एका अणूपासून फार तर वीसेक अणूंएवढी. पत्रा कितीही घासला तरी त्यांस तो खडबडीतच. म्हणून सोनें प्रथम अत्यंत गुळगुळीत, गोल अशा कांचेच्या साच्यावर चढवितात. मग ॲल्युमिनियमच्या पातळ, वांकविलेल्या पत्र्यास एपॉक्सीचा लेप देऊन तो साच्यास चिकटवितात. लेप घट्ट झाल्यावर पत्रा सोडविला, कीं सोनें कांचेचा गुळगुळीतपणा घेऊन पत्र्यावर येतें. मुलामा देणाऱ्या सोनारासही ही उलटी रीत आवडावी. एका निसटत्या आरशावर किरण थोडेच पडणार; म्हणून एकांत एक अशीं सुमारें चाळीस शंकूसारखीं कवचें बसविलीं. दोनदां परावृत्त होऊन किरण सुमारें दोन मीटरांवर एकत्र येतात. ही दुर्बीण २८ सप्टेंबर २०१५ रोजीं ॲस्ट्रोसॅटबरोबर श्रीहरिकोट्याहून आकाशांत गेली.

हें सारें आम्हीं कांठावर बसून त्या गृहस्थास सांगितलें, व चूक कबूल केली. तो हंसला. "सर, मला तो प्रश्न आठवतही नाहीं. आतां ऊंस बरा कीं आम्ही बरे."

आम्हांस तें खरें वाटलें नाहीं. कारण थोड्या वेळानें त्यानें मुलीस हांक मारली आणि म्हणाला, "इकडे ये. सरांना विचार, खापरी बुडत कां नाहीं तें."