शून्य आणि गैरहजर

दिवाळीत नातू एकोडीला आला होता. तो पुण्यात लिनक्सचे ग्राफिक्स ड्रायव्हर लिहितो. ड्रायव्हर म्हणजे प्रोग्राम आणि पडद्यावर चित्र उमटवणारं कार्ड यांच्यातला दुभाष्या, एवढं मला कळलं. "आबाजी, आमची अर्धी भांडणं आकड्यांवरून होतात," तो म्हणाला.

काम झालं नाही की ड्रायव्हर प्रोग्रामला एक आकडा परत देतो. 22 म्हणजे तू मागितलंस तेच चुकीचं. 95 म्हणजे ती सोयच माझ्याकडे नाही. 19 म्हणजे उपकरणच नाही. पण लिहिणारे पुष्कळदा सगळ्यालाच 22 देऊन मोकळे होतात. मग प्रोग्रामला वाटतं, आपलंच चुकलं. 95 मिळाला असता तर त्याने दुसरी वाट धरली असती. म्हणून कुठे कोणता आकडा द्यावा, हे लिनक्सवाल्यांनी लिहून ठेवलंय. आणि एकदा दिलेला आकडा मागाहून सहजी बदलता येत नाही, इतरांचे प्रोग्राम त्यावर विसंबलेले असतात.

मी गप्पच झालो. 1982 साली सहामाहीच्या तक्त्यात, तापाने पडलेल्या एका मुलापुढे मी घाईत 'गैरहजर'ऐवजी 0 लिहिला होता. बापाने 0 पाहिला, पोराला गणित जमत नाही असं ठरवलं आणि त्याला धानकापणीला लावलं. मला कळलं तेव्हा उन्हाळा लागला होता. घरी जाऊन समजावलं. बाप म्हणाला, "गुरुजी, तुमीच त लिवले ना जी."

पोरगा परत शाळेत आला नाही. आता पन्नाशी ओलांडलीय त्याने. रस्त्यात भेटला की अजून वाकून नमस्कार करतो.