ओतल्यानंतरचे शिसे

शिशाची गोळी साच्यातून बाहेर पडली, गार झाली, हातात घेता आली, की ती तयार झाली असे वाटते. तशी ती झालेली नसते. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. केल्विनमध्ये हा आकडा ६०० भरतो. आपल्या खोलीचे तापमान केल्विनमध्ये साधारण ३००. म्हणजे टेबलाच्या खणात पडलेले शिसे आपल्या द्रवणांकाच्या बरोबर निम्म्यावर असते. लोखंडाला तिथे न्यायचे तर सव्वासहाशे अंशांच्या वर तापवावे लागेल, ते मंद लाल दिसू लागेल. इतक्या तापलेल्या लोखंडात अणू जागा बदलत राहतात, तसे ते खणातल्या शिशातही बदलत राहतात. अमेरिकेत घरी गोळ्या ओतणारे हौशी नेमबाज ओतल्यावर आठवडा-पंधरवडा थांबतात ते यासाठी.

*

घरी गोळ्या ओतल्याची अमेरिकेतली सर्वांत नेटकी नोंद १७७६ ची असावी. ९ जुलैला न्यूयॉर्कमध्ये सैन्यापुढे स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला आणि त्याच संध्याकाळी जमावाने बोलिंग ग्रीनमधला तिसऱ्या जॉर्जचा अश्वारूढ पुतळा दोर लावून खाली ओढला. पुतळा शिशाचा, वरून सोन्याचा मुलामा. त्याचे तुकडे कनेक्टिकटमधल्या लिचफील्ड गावी ऑलिव्हर वोल्कॉट यांच्या घरी पोचले. घरातल्या मुलांनी आणि आसपासच्या बायकांनी ते वितळवून गोळ्या पाडल्या. वोल्कॉट यांच्या कागदपत्रांत माणसागणिक हिशेब आहे. त्यातल्या काही नोंदी: रूथ मार्विन ११,५९२, मुलगी मेरी अ‍ॅन १०,७९०, तिची थोरली बहीण लॉरा ८,३७८, लहानग्या फ्रेडरिकच्या नावावर ९३६. बाकीच्या नोंदी धरून एकूण ४२,०८८ काडतुसे. सगळ्या नोंदींची मी बेरीज करून पाहिली, जुळते. पोराच्या ९३६ वेगळ्या मांडणारा तो हिशेब मला फार आवडतो.

हे काम मुलांच्या हातून होऊ शकले, कारण तेव्हाच्या मस्केटची नळी आतून गुळगुळीत असे आणि गोळी तिच्यापेक्षा बरीच बारीक. माप थोडे इकडेतिकडे झाले तरी चालून जाई.

*

रायफलच्या नळीत पीळदार खाचा असतात. तिथे सैल गोळी चालत नाही. बाजूने गरम वायू निसटतो, गोळीची कड खरवडतो आणि शिशाचा लेप नळीत बसत जातो. म्हणून ओतीव गोळी नळीच्या खाचांच्या मापापेक्षा इंचाच्या हजाराव्या भागाने, कधी दोन भागांनी, जाड ठेवतात. ०.३०८ इंचाच्या नळीला ०.३०९ किंवा ०.३१० ची गोळी. आपल्याकडच्या टर्नरच्या बोलीत एक-दोन थाऊ. साच्यातून पडलेली गोळी याहूनही किंचित जाड आणि जराशी लंबगोल असते. ती पोलादी डायमधून दाबून काढली की मापात येते, गोल होते. वंगण बहुतेक याच सुमाराला लावतात. मधमाशीचे मेण त्यातला जुना घटक.

*

मिनिए गोळीची युक्ती उलटी होती. फ्रान्समध्ये १८४९ साली पुढे आलेली ही गोळी मुद्दाम सैल ठेवलेली, बूड पोकळ, शिसे मऊ. बार उडाला की बूड फुगून खाचांत बसे. अमेरिकी यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी ती वापरली. तिथे शिसे टणक असते तर सगळी युक्तीच फसली असती.

*

ओतकाम पाहायला बसावे ते साच्यासमोर. पहिल्या काही गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, कारण साचा अजून थंड असतो. त्या मुकाट्याने परत भांड्यात जातात. साचा तापला की गोळ्या भरीव, चकचकीत पडू लागतात. फार तापला की त्यांच्यावर दव गोठल्यासारखी भुरकट झाक येते, पण भुरकट गोळी वाईट नसते. साच्यावरच्या पट्टीत शिशाचे डबके उरते. ते आधी खळगा पडून बसते, मग त्याची चमक मरते. ती मरण्याची वाट न पाहता पट्टी फिरवली तर गोळीच्या बुडाचा लचका निघतो. गोळीचे बूड हा तिचा सर्वांत महत्त्वाचा भाग. नाकाला छोटा डाग असेल तर ओतणारा ती सरावाला ठेवून देतो. बूड तुटले असेल तर ती थेट भांड्यात.

*

मोटारीच्या चाकांचा तोल साधायला लावतात ती शिशाची वजने हा घरी ओतणाऱ्या मंडळींचा अनेक वर्षांचा कच्चा माल. त्यात तीन-चार टक्के अँटिमनी, चिमूटभर कथील आणि आर्सेनिकचा अंश. पुढे युरोपीय संघाने २००५ मध्ये मोटारींसाठी अशी वजने बंद केली, कॅलिफोर्नियानेही केली. आता भंगारात जस्ताची आणि लोखंडाची वजने मिसळलेली येतात. लोखंड वर तरंगते, पळीने काढून टाकता येते. जस्त ४१९ अंशांना वितळते. भांडे त्याहून तापू दिले की जस्त शिशात उतरते आणि सगळा घाणा नासतो. निवड करताना घाई केली की भुर्दंड इथेच बसतो.

*

लोहार तापलेल्या पात्याला पाणी देतो, पाते तत्काळ कडक होते. शिशाचे असे नाही. साच्यातली गरम गोळी सरळ पाण्यात टाकली तर बाहेर काढताना ती जवळजवळ मऊच असते. कडक होते ती नंतर, कोरडी, डब्यात पडल्या-पडल्या.

कारण असे: २५२ अंशांना शिशात साडेतीन टक्क्यांपर्यंत अँटिमनी विरघळून राहते. खोलीच्या तापमानाला मात्र अर्धा टक्कासुद्धा मावत नाही. हळूहळू गार झालेल्या गोळीतून जास्तीची अँटिमनी सवडीने वेगळी होते. पाण्यात पडलेल्या गोळीत ती अडकते आणि मग काही दिवस अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने बाहेर येत राहते. हे कण धातूच्या थरांना सरकू देत नाहीत. आर्सेनिकचा अंश या कामाला वेग देतो. हवेत गार झालेली चाकाच्या वजनांची गोळी टणकपणाच्या ब्रिनेल मापाने बाराच्या आसपास असते, पाण्यात टाकलेली थोड्या दिवसांत अठरा-वीसवर जाते. शुद्ध शिसे जेमतेम पाच. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूत असे मुरत कडक होणे जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांच्या लक्षात १९०६ मध्ये आले; त्यातून ड्युरालुमिन निघाले.

पाण्याची बादली वितळत्या भांड्यापासून लांब हवी. शिशात पाण्याचा थेंब गेला तर त्याची क्षणात वाफ होऊन तप्त धातू चौफेर उडतो.

*

मग आधी मुरवायचे की आधी मापात आणायचे? नवशिके इथे चुकतात आणि चूक दिसत नाही, म्हणून ती टिकते. लोखंड, तांबे, पितळ ठोकले की कडक होते. अँटिमनीचे शिसे मुरून कडक झाल्यावर दाबले तर उलट मऊ पडते. दाबल्याने आतली रचना मोडते, आणि शिशाला खोलीची ऊबही पुरेशी असल्याने मोडलेल्या रचनेच्या जागी लगेच नवे, मऊ स्फटिक उभे राहतात. डायमध्ये घासली जाते ती गोळीची कड, नळीच्या खाचांना भिडणारीही तीच. म्हणजे जिथे टणकपणा हवा नेमका तिथूनच तो जातो, आणि आतला गाभा मात्र कडक राहतो.

म्हणून गोळी ओतल्यावर त्याच दिवशी डायमधून काढावी. जोरही कमी लागतो. नंतर मुरू द्यावी. मुरल्यावर सूक्ष्ममापीने पुन्हा एकदा मोजावी, कारण काही मिश्रणांच्या गोळ्या दिवसांगणिक अगदी किंचित फुगतात, असा ओतणाऱ्यांचा अनुभव आहे. डब्यावर ओतल्याची तारीख आणि मिश्रण लिहिले नसेल तर त्या गोळ्यांबद्दल काहीच ठामपणे म्हणता येत नाही.

निव्वळ कथील घातलेल्या शिशाला हे लागू नाही. वीस भाग शिसे, एक भाग कथील असे जुने मिश्रण काळी दारू वापरणाऱ्यांना अजून प्रिय आहे. ते मुरून कडक होत नाही, उलट काळाने थोडे सैलावते.

*

टणकपणा मोजायचे यंत्र महाग. कुणीतरी चित्रकाराच्या पेन्सिली वापरायला सुरुवात केली आणि ती रीत रुजली. ६बी पासून ६एच पर्यंतचा संच घ्यायचा, पेन्सिलींची टोके सपाट घासायची आणि एकेक गोळीवर तिरकी रेटायची. जी पहिल्यांदा धातूत रुतते तिच्यावरून अंदाज. पेन्सिली एकाच कंपनीच्या हव्यात. इतक्या साध्या साधनाने हाती लागणारी खात्री मला आकड्यांच्या यंत्राइतकीच पटते.

*

टणकपणाचे वेड मला पटत नाही. जास्तीत जास्त कडक गोळी म्हणजे उत्तम, असे समजून लोक महागडी मिश्रणे ओततात. माप चुकलेली कडक गोळी नळीत लेप बसवतेच. योग्य मापाची मध्यम गोळी बहुतेक कामे निमूट करते. आधी नळी मोजा, मग मिश्रणाचा विचार करा.

*

लायनोटाइप या छपाईयंत्राचा धातू गोळ्या ओतणाऱ्यांना सोन्यासारखा: ८४ टक्के शिसे, १२ अँटिमनी, ४ कथील. १८८६ मध्ये न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये मर्गेंथालर यांचे हे यंत्र चालू झाले. शंभरेक वर्षांनी ते छापखान्यांतून हद्दपार झाले आणि धातूचे ढीग भंगारात आले. आपल्या छपाईच्या खिळ्यांचाही धातू याच घराण्यातला. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे देखणे देवनागरी खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्याच जोरावर उभे होते. खिळ्यालाही कड धारदार हवी, साचा कानाकोपऱ्यापर्यंत भरायला हवा. गोळी ओतणाऱ्याची मागणी वेगळी नाही.

*

भारतात हा छंद घरी करता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली दारूगोळा बनवायला परवाना लागतो. मला ते योग्यच वाटते. आपल्या नेमबाजांचा शिशाशी संबंध कारखान्यातल्या काडतुसांतून येतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवले, त्या स्पर्धेतल्या .२२ काडतुसाची गोळी आजही मेणाचा हात फिरवलेली शिशाचीच असते. कोणत्या घाण्याची काडतुसे आपल्या नळीला मानवतात हे अव्वल नेमबाज चाचण्या घेऊन ठरवतात. माप आणि नळी यांचे जुळणे तिथेही चुकत नाही.

*

शिसे भांड्यात वाफ होऊन फारसे उडत नाही, त्यासाठी तापमान पुष्कळ चढावे लागते. धोका असतो तो वरच्या मळीच्या राखाडी भुकटीचा. ती बोटांवर, बाह्यांवर, बुटांच्या तळव्यांवर बसून घरात येते. लहान मुलांच्या रक्तातल्या शिशासाठी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने इशाऱ्याची पातळी २०२१ मध्ये डेसिलिटरला ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली, आणि मुलांसाठी सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही. तेव्हा काम उघड्या हवेत, फरशी ओल्या फडक्याने पुसायची, झाडू नाही. कपडे वेगळे धुवायचे. आणि स्वयंपाकघरातली जुनी कढई एकदा या कामाला घेतली की ती कायमची तिकडचीच.