तोफ उरते, गाडा जातो

देवगाव रंगारीहून निघालेला प्रवासी वेरूळची ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी पाहून दौलताबादला पोहोचतो, तेव्हा किल्ल्यात जागोजागी तोफा दिसतात. पाठीमागे मेंढ्याचे शिर कोरलेली औरंगजेबकालीन ‘मेंढा तोफ’ सर्वांत प्रसिद्ध. ती मिश्रधातूची ओतीव आहे. लोखंडी तोफांची रीत निराळी. लांब पट्ट्या एकत्र जुळवून त्यांवर तापलेली कडी चढवीत. निवताना कडे आवळले जाई.

धातू टिकला, पण लाकडी गाडे ऊन, पाऊस आणि वाळवीने नेले. गाड्यावाचून तोफ कशी ओढीत, कशी रोखीत, हे पाहणाऱ्यास उमगत नाही. म्हणूनच सह्याद्री प्रतिष्ठानसारख्या संस्थांनी काही किल्ल्यांवरील तोफांना सागवानी गाडे करून दिले.

जुन्या वस्तूंचा छंद व्यापारी घराण्यांना नवा नाही. मात्र शंभर वर्षांची अशी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते. तिच्या व्यापारास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीस ती परदेशी पाठविता येत नाही. तोफेचे मोल तिच्या वजनात नाही, तर आपल्या बुरुजावर गाड्यासह उभे राहण्यात आहे. पुरातत्त्व खात्याच्या संमतीने एका गाड्याचे सागवान पुरविणे, हाही संग्राहकाला शोभणारा व्यवहार आहे.