अंगण खरेच वाकडे होते

म्हणी फार सोयीच्या असतात. एक तर त्या आयत्या मिळतात. आणि दुसरे असे की, म्हण एकदा तोंडातून बाहेर पडली की पुढचा विचार करण्याची जबाबदारी आपल्यावर राहत नाही. वडिलांकडून मला डोंबिवलीची जागा मिळाली, भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ मिळाले आणि 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण मिळाली. लहानपणी ती मी इतक्या वेळा ऐकली होती की, तिच्यावर माझा हक्क कोणी नाकारू नये. पैकी घड्याळ बंद आहे. म्हण मात्र गेल्या वर्षापर्यंत उत्तम चालू स्थितीत होती.

२०२५ च्या गणपतीतली गोष्ट. आरती झाली, मोदक झाले आणि पाहुणेमंडळी पंख्याखाली विसावली. आमचे चिरंजीव तेव्हा नववीत होते. मामेभावाने वापरून टाकलेले 'प्लेस्टेशन ४' त्याच्याकडे नुकतेच आले होते आणि त्यावर क्रिकेटचा एक खेळ होता. मित्राच्या घरी आपण कसे षट्कार ठोकतो, हे तो चार दिवस ज्याला त्याला सांगत होता. तेव्हा मंडळींनी आग्रह केला, की होऊन जाऊ दे एक डाव. पहिल्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला. पुन्हा डाव मांडला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच झाले तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबा, मी बटण वेळेवर दाबलं होतं. आपला टीव्ही उशिरा ऐकतो."

असा चेंडू कोण सोडणार? मी म्हण म्हणालो. मंडळी पोट धरधरून हसली. थोरल्या आत्याबाई तर म्हणाल्या, "अगदी तुझ्या वडिलांसारखा बोललास हो!" मला धन्य वाटले. चिरंजीवांनी हातातले यंत्र खाली ठेवले, टीव्ही बंद केला आणि ते आतल्या खोलीत गेले.

त्यानंतर एक गोष्ट बंद झाली. पण ती माझ्या लक्षात यायला तीन आठवडे लागले. रविवारी दुपारी जेवणानंतर तो दारात उभा राहून विचारीत असे, "बाबा, येता का एक डाव?" मी तीनपैकी दोन वेळा झोपेची सबब सांगत असे, तरीही तो विचारीत असे. आता तो विचारीनासा झाला होता.

माझ्या खात्रीला तसा आधारही होता. शाळेत असताना, १९९० नंतरच्या त्या वर्षांत, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर मी मारिओ खेळलेला माणूस आहे. '९९९९९९९ खेळ एकात' असे छापलेली ती पिवळी कॅसेट अनेकांना आठवत असेल; खरे खेळ तिच्यात बोटांवर मोजण्याइतकेच असत. कॅसेट चालेना की तिच्यात फुंकर मारायची, हा त्या काळचा सर्वमान्य दुरुस्तीचा उपाय होता. टीव्ही म्हणजे पाठीमागे पोट सुटलेला एक पेटारा. पण बटण दाबले की मारिओ उडे. त्याच क्षणी उडे. मग त्या पेटाऱ्याला जे जमत होते, ते या गुळगुळीत, सपाट, शहाण्या टीव्हीला जमू नये? छे! दोष अंगणाचा नव्हेच.

सप्टेंबरात त्या सपाट टीव्हीच्या पडद्यावर एक उभी हिरवी रेघ उमटली. आईच्या मालिकेतल्या सासूबाईंच्या बरोबर नाकावरून ती जाऊ लागली. टीव्हीला बारा वर्षे झाली होती. दुरुस्तीवाल्याने नव्या पडद्याची किंमत सांगितली ती ऐकून नवा टीव्हीच घ्यावा असे घरात ठरले. आमच्या अर्थखात्याने, म्हणजे सौ.ने, तीस हजार रुपये मंजूर केले. वर एक पैसाही नाही.

योग असा, की दिल्लीच्या अर्थखात्यालाही तेव्हाच दया आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून, म्हणजे नेमक्या घटस्थापनेपासून, बत्तीस इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. शेजारचे गृहस्थ म्हणाले, किंमत दहा टक्क्यांनी उतरली. मी आयुष्यभर हिशेबखात्यात काढली असल्यामुळे त्यांना तिथेच थांबवले. १२८ रुपयांची वस्तू ११८ ला मिळणार. म्हणजे उतार शेकडा पावणेआठच्या आसपास. बत्तीस हजारांचा टीव्ही साडेएकोणतीस हजारांना. पण तेवढ्याने तो आमच्या उंबरठ्याच्या आत आला, हे खरे.

आता टीव्ही कोणता घ्यावा? उपचार म्हणून मी चिरंजीवांना विचारले, "तुला काय वाटतं?" तो काही न बोलता आत गेला आणि गणिताची वही घेऊन आला. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखलेले होते. एकावर लिहिले होते 'आपला', दुसऱ्यावर 'मित्राचा'. 'आपला'खाली आकडे होते ४५, ४६, ४४, ४५. 'मित्राचा'खाली २१, २२, २०, २१.

"हे काय?"

त्याने सांगितले ते असे. त्याच्या आईच्या मोबाइलमध्ये संथ चित्रणाची सोय आहे. त्यात सेकंदाला २४० चित्रे उतरतात. आपला अंगठा आणि टीव्हीचा पडदा दोन्ही दिसतील असा मोबाइल त्याने लाडवांच्या डब्याला टेकवून ठेवला आणि बटण दाबून फटका मारला. मग एकेक चित्र पुढे सरकवत मोजले: अंगठा खाली गेला त्या चित्रापासून पडद्यावरची बॅट हलली त्या चित्रापर्यंत किती चित्रे गेली? आमच्या घरी ४५, मित्राच्या घरी २१. खेळ तोच, प्लेस्टेशनही तसलेच. त्यांना लागणारा वेळ दोन्हीकडे सारखा. तेव्हा वरची चोवीस चित्रे ही आमच्या टीव्हीची खास कमाई.

चोवीस चित्रे म्हणजे सेकंदाचा दहावा हिस्सा. एवढ्याशा वेळाने काय बिघडते, असे कोणी विचारील. पण मैदानात ताशी १४० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू फलंदाजापर्यंत सुमारे अर्ध्या सेकंदात पोचतो. त्यातला पाचवा हिस्सा आमचा टीव्ही मधल्या मध्ये खाऊन टाकीत होता, आणि बाद मात्र मुलगा होत होता.

पानाच्या डोक्यावर तारीख होती, ३१ ऑगस्ट. गणपती बसून चारच दिवस झाले होते.

"मग मला तेव्हाच दाखवलं का नाहीस?"

तो वही मिटवीत म्हणाला, "तुम्ही परत म्हणच म्हणाला असतात."

यावर मला काही बोलता आले नाही; कारण मी खरोखरच म्हणालो असतो.

मग दोन रात्री बसून मी त्याच्याकडून शिकवणी घेतली. टीव्हीकडे आलेले चित्र तो जसेच्या तसे पडद्यावर टाकीत नाही. हल्लीचा टीव्ही म्हणजे हौशी आचारी आहे. आलेला पदार्थ तो ताटात सरळ वाढील तर शपथ! लहान चित्र मोठ्या पडद्याला ताणायचे, त्यातले दाणे पुसायचे, कडा उठावदार करायच्या आणि हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने तिसरे घालायचे. मधले चित्र रचायचे तर पुढचे येईपर्यंत आधीचे अडवून धरणे आलेच. मालिका पाहताना याने काही बिघडत नाही, कारण आवाजही तेवढाच थांबवून सोडतात. सासूबाई शतांश सेकंद उशिरा रागावल्या तर कोणाचे काय जाते? पण खेळात बटण आपल्या हातात असते, आणि ताट वेळेवर यावे लागते. म्हणून बऱ्याच टीव्हींत आता 'गेम मोड' नावाची सोय असते. तिचा अर्थ एवढाच, की आचारीबुवा, फोडणी राहू द्या, वरणभात आहे तसा वाढा.

आणि तो जुना पेटारा? त्याच्याजवळ चित्र अडवून धरायला जागाच नव्हती. ओळीमागून ओळ येई, तशी किरणाने काचेवर उमटे. म्हणजे मी लहानपणी सरळ अंगणात नाचलो होतो, आणि त्या जोरावर मुलाला शहाणपण शिकवीत होतो.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही बापलेक बाजारात निघालो. प्लेस्टेशन भाजीच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळलेले. पहिल्या दुकानात भिंतभर टीव्ही होते आणि सगळ्यांवर एकच फुलपाखरू एकाच फुलावर बसत होते. विक्रेत्याने आकड्यांचा पाऊस पाडला. "साहेब, यात दोनशे चाळीस आहे!" चिरंजीवांनी हळूच विचारले, "पण पॅनेल किती हर्ट्झचं?" त्याने खोक्यावरचा बारीक मजकूर वाचला. पॅनेल साठाचे निघाले. दोनशे चाळीस हा हालचालीच्या गुळगुळीतपणाला कंपनीने दिलेला स्वतःचा आकडा होता. दुसऱ्या टीव्हीवर 'एचडीआर' अशी सोनेरी चिठ्ठी होती. त्यालाही मोठा अर्थ नव्हता. तसले चित्र घेण्याची सोय असणे निराळे आणि ते दाखवण्याइतका उजेड पडद्यात असणे निराळे. स्वस्त पडद्यांत बहुधा पहिलेच असते. खोक्यावर 'प्रतिसादकाळ' म्हणून मिलिसेकंदांचा आकडा होता, तोही आमच्या कामाचा नव्हता. तो पडद्याच्या ठिपक्याने रंग बदलायला लागणारा वेळ. आम्हांला हवी होती बटणापासून पडद्यापर्यंतची दिरंगाई, आणि ती एकाही खोक्यावर छापलेली नव्हती. पिशवीतले प्लेस्टेशन जोडून बघू का, असे विचारताच तिथे नकार मिळाला.

तिसऱ्या दुकानातला पोरगा मात्र स्वतः खेळणारा निघाला. पिशवी पाहून तोच म्हणाला, "लाव की, बघू या." त्याने १२० हर्ट्झचा एक टीव्ही दाखवला, किंमत आमच्या मंजुरीच्या बरीच वर. माझे मन क्षणभर डळमळले. गुन्हेगार बाप खर्चाला लवकर तयार होतो. पण मुलानेच मला आवरले. "बाबा, आपलं यंत्र सेकंदाला साठाहून जास्त चित्रं देतच नाही. मग एकशेवीसचं करायचं काय?" विहिरीत पाणी कंबरभर असताना मोठी मोट घेण्यात अर्थ नसतो, हे त्याला कळत होते.

मग साठ हर्ट्झच्या, आमच्या ऐपतीतल्या चार टीव्हींना प्लेस्टेशन लावून त्याने मोबाइलवर मोजमाप केले. दोन बाद झाले. उरलेल्या दोघांत दिरंगाई सारखी. फरक पडद्याच्या जातीचा. एकाचा काळा रंग गडद, पण बाजूने पाहिले की चित्र फिके पडे. दुसऱ्याचा काळा रंग थोडा राखी, पण कुठूनही पाहा, चित्र तेच. खेळाला पहिला बरा, हे मलाही दिसत होते. चिरंजीव थोडा वेळ दोन्हींकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "दुसरा घेऊ. आजीचा दिवाण बाजूला आहे." त्रेचाळीस इंची, साडेएकोणतीस हजार.

दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, टीव्ही भिंतीवर चढला. आईने त्याला कुंकू लावले, झेंडूचे फूल वाहिले. चिरंजीवांनी प्लेस्टेशन जोडले आणि पहिल्याच चेंडूवर त्यांचा त्रिफळा उडाला.

घरात शांतता पसरली. साडेएकोणतीस हजार रुपये भिंतीवर लटकत होते. सौ.ने माझ्याकडे पाहिले. चिरंजीवांनीही पाहिले, आता काय ऐकावे लागणार, हे ठाऊक असल्यासारखे. म्हण माझ्या जिभेच्या टोकावर आली होती, हे मी कबूल करतो. ती गिळून मी म्हणालो, "गेम मोड चालू आहे का, बघ बरं."

तो नव्हताच. नवी यंत्रे टीव्हीला आपण होऊन कळवतात, की आता खेळ सुरू आहे, फोडणी थांबवा. आमच्यासारखे जुने यंत्र ते सांगत नाही. टीव्हीच्या यादीत शिरून, ज्या छिद्रात त्याची वायर आहे त्यापुरती सोय हाताने चालू करावी लागते. दुकानातल्या पोराने त्याच्या टीव्हीवर ती केली होती, आमच्यावर कोणी केली नव्हती. चिरंजीवांनी ती केली, डबा मांडला, मोबाइल टेकवला. मोजायला या वेळी मी बसलो. एकवीस.

पुढच्याच षटकात त्याने दोन चौकार मारले. मग माझ्याकडे न पाहताच विचारले, "बाबा, येता का एक डाव?"

मी गेलो. झोपेची सबब त्या दिवसापासून बंद आहे. पहिल्या चेंडूवर बाद, दुसऱ्यावर बाद, तिसऱ्यावरही बाद. जुन्या टीव्हीवर मी बाद होई तेव्हा ते वयावर ढकलीत असे; आता मी पडद्याकडे संशयाने पाहू लागलो. वास्तविक गणपतीतला हिशेब चुकता करायला याहून चांगली वेळ नव्हती. पाहुणे नव्हते, पण आजी होती, आई होती, आणि म्हण तर घरचीच होती.

तो म्हणाला, "थांबा बाबा, मोजून बघू." आणि पुन्हा डबा मांडला.

मोजले. टीव्ही निर्दोष होता. चेंडू पुढून निघून गेल्यावर माझा अंगठा खाली जात होता. तरीही तो म्हण म्हणाला नाही. मोबाइल माझ्यापुढे धरून त्याने अंगठ्याची जागा दाखवली आणि म्हणाला, "चेंडू टप्पा पडायच्या आधी तयार राहायचं. परत खेळा."

वडिलांची ती म्हण पुढच्या पिढीकडे जाईल असे मला आता वाटत नाही. घड्याळ मात्र या दिवाळीत दुरुस्तीला टाकले आहे.